पाचवा फर्मा

७ फेब्रुवारी

आजपासून मी प्रकाशक. दाराशेजारी पाटी लावली. जरा तिरकी लागली, पण तो भिंतीचा दोष. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अजून एक पुस्तक नाही आणि पाटी आधी." मी म्हटलं, पाटी असल्याशिवाय लेखक येणार कुठे? ती म्हणाली, "दूधवाल्याचा कागद त्याच खिळ्याला अडकवत जाईन."

विमा कंपनीत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मरणाचे अर्ज तपासले. मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा साहेब म्हणाले, आता करणार काय? पुस्तकं काढणार, असं मी एकदम बोलून गेलो. ज्यांना मोठे प्रकाशक दारातूनच परत पाठवतात, त्यांची पुस्तकं त्यांच्याच खर्चाने, पण नीटनेटकी काढून द्यायची. हे चालेल का? खरं सांगायचं तर ठाऊक नाही. पण ज्या घरात बाप ग्रंथालयात होता आणि आई लग्नाआधी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे शिवायची, त्या घरातल्या मुलाने विम्यात आयुष्य घालवलं, हेच मुळात चुकलं होतं.

लहानपणी शाळा सुरू व्हायच्या आधी आई आमच्या सगळ्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालायची. नुसती कव्हरं नाही, नवीन पुस्तक आधी उसवून पुन्हा शिवायची. "दुकानातली शिलाई म्हणजे पाहुण्याचं प्रेम," म्हणायची. घरभर खळीचा वास. तो वास आज पाटी लावताना उगाचच आला.

११ फेब्रुवारी

पहिला लेखक मिळाला. आमचे दातांचे डॉक्टर. माझी दाढ बघता बघता त्यांनी कवितासंग्रहाचा विषय काढला आणि चार कविता म्हणूनही दाखवल्या. तोंडात कापूस आणि नळी असलेला माणूस कवितेला नाही म्हणू शकत नाही. सगळे रुग्ण याच मार्गाने रसिक झालेले आहेत म्हणे. संग्रहाचं नाव ‘वेदनेच्या मुळाशी’. मी मान हलवली ती दाढ दुखली म्हणून, पण त्यांनी तो होकार धरला. आता मला ते "काय प्रकाशकराव" म्हणून हाक मारतात.

१९ फेब्रुवारी

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, तो परत येत नाही. डॉक्टरीणबाई हळूच पण स्पष्ट बोलल्या. "आजोबा, जे वाचायचं राहिलंय ते या वर्षात वाचून घ्या." आबा म्हणाले, "म्हणजे मला वाचनाची यादी करायला हवी. आयुष्यभर लोकांना करून दिली." बाई हसल्या. मला हसता आलं नाही.

आबांचा विनोद घराबाहेर चालतो, घरात मात्र ते तोंड पाडून बसतात. पूर्वी असं नव्हतं. आम्ही लहान असताना संध्याकाळी ते स्वतः लिहिलेल्या गमती वाचून दाखवायचे. ग्रंथालयात येणारी नमुनेदार माणसं, उशिरा परत आलेल्या पुस्तकांच्या सबबी, पानांत सापडलेल्या वस्तू. आई हातातलं काम न सोडता ऐकायची आणि नेमकी सगळ्यांच्या आधी हसायची. मग आबा निवृत्त झाले, मित्र एकेक करून गेले, आणि आता आईआबांचं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, आणि घेतली.

संध्याकाळी मी म्हटलं, "आबा, तुमच्या त्या गमतींचं पुस्तक काढू." ते म्हणाले, "कोण वाचतंय!" दहा मिनिटांत पलंगाखालची पेटी ओढून काढली. बाडं बांधून तयार होती. वर नावसुद्धा टाकलेलं: ‘उशिराचा दंड’.

२३ फेब्रुवारी

आज मोठा स्फोट झाला.

सकाळी चहाच्या वेळी आई म्हणाली, "माझीपण एक कादंबरी आहे. प्रेमकथा. ‘शिवणीचा दोरा’ नाव ठेवलंय."

मी कपातून वर बघितलं. बायकोने गॅस बारीक केला. आबा म्हणाले, "चहात साखर कमी आहे."

आईने साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "पाच वर्षांपासून लिहितेय. दुपारी तुम्ही सगळे झोपता तेव्हा."

आबांनी चमचा ढवळला. "या वयात प्रेमबिम? लोक हसतील. माझ्या पुस्तकाला हसू देत, ते तरी हसण्यासाठी आहे."

आई आपला कप उचलून आत गेली. मला मात्र नंतर स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "हे बघ, मला खूप वाचक नकोत. यांनी वाचावं, एवढंच. सगळं नाही, थोडं वाचलं तरी चालेल. डोळे आहेत तोवर." बोलताना ती ओटा पुसत होती. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.

२ मार्च

आबांना दोनदा विचारून झालं. आईचं बाड हाताशी ठेवून पाहिलं. त्यांनी ते बाजूला सारून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी एक वर्ष दिलंय. त्यात मी बायकी कादंबऱ्या वाचू? मी आधी माझी मुद्रितं तपासतो."

पालथ्या घड्यावर पाणी. आईला काय सांगू? सांगितलं की वाचतील, जरा कामात आहेत. ती म्हणाली, "तू विम्यात होतास, खोटं जरा बरं बोलायला शिकला असशील असं वाटलं होतं."

५ मार्च

माझीच पंचाईत आहे. आईची कादंबरी मला वाचवत नाही. पहिल्या पानावरच ‘तिच्या काळजाचा ठोका चुकला’ आलं आणि मी बाड मिटलं. ज्या बाईने मला बाराखडी शिकवली, तिच्या काळजाचे ठोके मी कसे तपासू? बाड बायकोकडे दिलं. ती वाचते, मध्येच पदर तोंडाला लावून हसते, मध्येच डोळे पुसते. मी विचारलं, कशी आहे? म्हणाली, "तुम्ही वाचू नका. तुम्हाला झेपणार नाही." मग थांबून म्हणाली, "अहो, पण आबांनी वाचायलाच हवी." तेच तर सगळे म्हणताहेत.

१२ मार्च

तिन्ही पुस्तकं एकदमच छापायची ठरली. आबांच्या डोळ्यांसाठी त्यांच्या पुस्तकाचं अक्षर मोठं घेतलं आहे. आईने अट घातली की तिच्याही पुस्तकाला तेच मोठं अक्षर, तोच कागद, तेच माप. मी म्हटलं, उगाच पानं वाढतील. म्हणाली, "कपाटात दोघांची जोडीनं उभी राहतील." भाबडी आहे आई. मी मान्य केलं.

नंतर ती बराच वेळ माझ्याजवळ बसली. आबांच्या पुस्तकात कुठला लेख कितव्या पानावर येतो, कुठला फर्मा कुठे सुरू होतो, सगळं विचारून घेतलं. (फर्मा म्हणजे मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातला की होणारी सोळा पानं. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक.) आबांच्या पुस्तकात तिने एवढा रस घ्यावा आणि आबांनी तिच्याकडे ढुंकून पाहू नये, याचं वाईट वाटलं.

२१ मार्च

आई लेखिका म्हणून फार त्रासदायक निघाली. शेवटच्या मुद्रितात तिने एका प्रकरणातले दोन परिच्छेद काढले. मग पुढे चार ओळी घातल्या. मग त्यातली एक काढली. पट्टीने ओळी मोजत होती. मी वैतागून म्हटलं, "आई, आता छापायला चाललंय, एका ओळीने काय बिघडतं?" म्हणाली, "वाक्य पानाच्या शेवटी तुटायला हवं. अर्ध्यावर." मी म्हटलं, अर्ध्यावर तुटलं तर वाचक वैतागतो. "वैतागू दे की," म्हणाली.

डॉक्टर मात्र गुणी. एकही शब्द बदलला नाही. त्यांच्या कविता बदलण्यापलीकडच्या आहेत.

३ एप्रिल

घरचं झालं थोडं! छापखानेवाल्याने कागद छापून दिले आणि हात वर केले. त्याच्याकडे शाळांच्या पुस्तकांचं काम आलंय, घडी आणि फर्मे क्रमाने लावायची जुळणी करायला माणसं नाहीत, महिनाभर थांबा म्हणतो. प्रकाशन समारंभ तर पंचवीस तारखेला ठरला आहे. ग्रंथालयाचा वाचनकक्ष मिळालाय. जिथे आबांनी नोकरी केली तोच. पत्रिका वाटून झाल्यात.

मी कपाळाला हात लावून बसलो होतो. आई म्हणाली, "कागद घरी आण. शिलाईला मग त्याच्याकडे दे. घडी आणि जुळणी मी करते."

"अगं, तुझं वय काय?"

"वय घडी घालत नाही, हात घालतात."

६ एप्रिल

हे लिहिताना बोटं दुखताहेत, पण आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

जेवणाचं टेबल रिकामं केलं. आईने कुठूनतरी एक गुळगुळीत लाकडी पट्टी काढली. मधोमध झिजलेली, तिच्या अंगठ्याच्या मापाची. ती तिने इतकी वर्षं कुठे ठेवली होती, देव जाणे. कागद समोर घेतला आणि घडी, पट्टी, घडी, पट्टी, घडी. फर्मा बाजूला. मी बघतच राहिलो. एरवी भाजी चिरताना हात थरथरतो तिचा. इथे थरथरत नव्हता. मान जरा वाकडी, ओठ मिटलेले. ही बाई मी कधी पाहिलीच नव्हती. आमच्या जन्माआधीची होती ती.

बायको आणि मी शिकाऊ. डॉक्टर दवाखाना बंद करून आले, स्वतःचं हत्यार घेऊन आले. दाढेत सिमेंट भरायची चपटी सुरी. घड्या सुरेख पडल्या, पण प्रत्येक घडीला एक ओळ म्हणत होते. शेवटी आई म्हणाली, "डॉक्टर, कारखान्यात आम्हाला बोलायची बंदी होती." "आणि तुम्ही पाळायचात?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "बोलत नव्हतो. पण कळायचं सगळं."

आबा दारातून बघत होते. बराच वेळ. आईच्या हातांकडे बघत होते असं मला वाटलं. मी म्हटलं, आबा, या ना, बसा. ते म्हणाले, "मला दिसत नाही," आणि गेले.

९ एप्रिल

जुळणी संपली. उद्या गठ्ठे शिलाईला जातील. आई म्हणाली, "यांची एक प्रत मागे ठेव. ती मी हाताने शिवते. कापडी पाठ लावून." मी म्हटलं, लेखकाला पहिली प्रत अशी मिळाली तर उत्तमच. तिने निळं कापड निवडलं. मी सुई ओवून द्यायला गेलो तर हात झटकला. "सुई मी ओवते. आणि तू जा, माझ्या डोक्यावर उभा राहू नकोस."

दुपारभर खोलीचं दार लोटलेलं होतं. खळीचा वास आला. मी बाहेरच्या खोलीत नुसता बसून राहिलो. शाळा सुरू होणार आहे आणि माझं दप्तर आत तयार होतंय, असं वाटत होतं.

११ एप्रिल

आबांना प्रत दिली. त्यांनी आधी पुस्तक हुंगलं, मग पाठीवरून बोट फिरवलं, मग उघडून टाके बघितले. ग्रंथालयवाल्याची सवय. म्हणाले, "घट्ट शिवलंय." आईने कढीपत्ता निवडता निवडता म्हटलं, "हो. आता घट्टच."

मग आबा गॅलरीतल्या खुर्चीत बसले, भिंग काढलं आणि स्वतःचंच पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला लागले. उरलेली दृष्टी ते स्वतःच्याच विनोदावर खर्च करताहेत. आपलं ते गोजिरवाणं! आई मात्र शांत होती. शांत कशी काय, मला कळेना. मीच तिच्या वतीने चिडलो.

१६ एप्रिल

रोज दुपारी वाचन. दिवसाला थोडीच पानं होतात. स्वतःच्या विनोदाला स्वतःच खुसखुसतात. आई रोज सहज विचारल्यासारखं करते, "कितव्या पानावर आलात?" ते सांगतात. ती कामाला लागते.

१८ एप्रिल

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. गॅलरीतून हसू ऐकू येईना. डोकावलो तर आबा भिंग हातात धरून बसलेले. पुस्तक मांडीवर. चहाला हाक मारली, आले नाहीत. चहा नेऊन दिला, तो तसाच थंड झाला. एकदाच काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं ते असं: "सैल शिवत होती... मुद्दाम सैल!" मी विचारलं, "कोण आबा?" ते म्हणाले, "तू जा."

मला काळजी वाटते आहे. डोळे जास्तच बिघडले की काय? की स्वतःचा विनोद नीट वाचल्यावर कळला?

१९ एप्रिल

घात झाला!

आबा आंघोळीला गेले तेव्हा मी खुर्चीवरचं पुस्तक उचललं. खुणेची पट्टी होती तिथे उघडलं. डावीकडे आबांचा ‘नाजूक प्रकृतीची पुस्तकं’ हा लेख. पानाच्या शेवटच्या ओळी: ‘त्या काळी आमच्या ग्रंथालयातली पुस्तकं का कोण जाणे, फार लवकर उसवत. दर शनिवारी मी तसा एक गठ्ठा घेऊन बांधणीच्या कारखान्यात जाई, आणि तिथे...’ आणि समोरच्या पानावर:

‘तो आज पुन्हा आला. हातात तेच पुस्तक. दोरा झिजून तुटलेला नव्हता, पात्याने कापलेला होता. झिजलेलं आणि कापलेलं यातला फरक कारखान्यातल्या मुलीला कळत नाही, असं त्याला वाटत होतं. तिने न बोलता सुई ओवली. टाका सैल घातला. घट्ट घातला असता, तर ते पुस्तक वर्षभर परत आलं नसतं.’

हे आबांचं नाही! हे आईच्या कादंबरीतलं! पाचवा फर्मा आईचा लागलाय! एकच माप, एकच कागद, एकच अक्षर. मी तेव्हाच म्हणत होतो. त्यातून दुर्दैव असं की आबांच्या वाक्यापुढे आईचा प्रसंग बेमालूम लागला होता. असा योगायोग लाखात एकदा होतो. आणि आईने नायकाचा व्यवसाय चक्क आबांवरून उचललेला दिसतो. लेखक लोक घरातलंच उचलतात.

पुढे वाचणार तोच आबा टॉवेल गुंडाळून आले आणि पुस्तक हिसकावून घेतलं.

मी म्हटलं, "आबा, बांधणीत चूक झालीय. मी उसवून बरोबर फर्मा लावून देतो."

"हात लावशील तर याद राख."

"अहो, पण ती तुमची पानं नाहीत."

"माझीच आहेत," आबा म्हणाले. पुस्तक छातीशी धरलं होतं. अंगावरचं पाणी कापडावर पडत होतं. बिचाऱ्यांना आता स्वतःचं कुठलं, दुसऱ्याचं कुठलं, हेही कळेनासं झालंय.

२० एप्रिल

शिलाईहून आलेल्या सगळ्या प्रती उघडून तपासल्या. मी, बायको आणि डॉक्टर. एकही चुकीची नाही. फक्त आबांचीच. देवाने चूक करायला नेमकी तीच प्रत निवडावी!

आईला दुखवायचं नव्हतं, तरी सांगावं लागलं. "आई, आबांच्या प्रतीत तुझ्या हातून जरा..." ती म्हणाली, "हो का? होतं असं. वय झालं." बायकोला एकदम ठसका लागला, पाणी प्यायला आत पळाली. मी आईची समजूत घातली की मोठमोठ्या कारखान्यांतही होतं. ती म्हणाली, "आमच्यात कधी झालं नव्हतं."

दुपारी आबांजवळ गेलो. फर्मा आईच्या पुस्तकातला असल्यामुळे गोष्ट मध्येच तुटते. शेवटची ओळ मी वाचून पाहिली: ‘गठ्ठा उचलून तो निघाला. पण दारात थांबला, मागे वळला, आणि’. इथे पान संपतं आणि पुढे आबांचा वेगळाच लेख. मी आईची कादंबरी त्यांच्यापुढे धरली. "तुम्हाला पुढचं वाचायचं असेल तर हे घ्या."

आबांनी गॅलरीच्या कठड्याकडे तोंड फिरवलं. "नको," म्हणाले. "पुढचं मला माहीत आहे."

म्हणजे शेवटी नाहीच घेतली हातात. हट्टी म्हातारा. मला आईचं फार वाईट वाटलं. सोळा पानं चुकून वाचली, तेवढीच.

२२ एप्रिल

टाचणी हवी होती म्हणून आईचा शिवणाचा डबा उघडला. तळाशी ‘उशिराचा दंड’चा पाचवा फर्मा, घडी अचूक, रेशमाच्या दोऱ्याने बांधलेला. म्हणजे जुळणीच्या वेळी निसटला असणार आणि आईने जपून उचलून ठेवला. पण सांगायचं विसरली. म्हातारपण दुसरं काय? परत ठेवून दिला.

आज जेवताना आबांनी आईच्या ताटात आपल्या वाटीतलं दही वाढलं. आईने खाल्लं.

२५ एप्रिल

समारंभ झाला. सगळं नीट लिहितो, कारण मी पूर्वी कधीच काही नीट बघितलं नाही असं आज वाटतंय.

वाचनकक्ष तसाच आहे. लांब टेबलं, हिरवे दिवे. आबांची जुनी खिडकीशेजारची जागा आता संगणकाने घेतली आहे. खुर्च्या भरल्या त्या डॉक्टरांमुळे. अर्धा गाव त्यांच्या उपचाराखाली आहे, आणि अर्धवट भरलेली दाढ घेऊन कवीला नाराज करायची कुणाची छाती? त्यांनी कविता वाचल्या. शेवटच्या कवितेत त्यांचा स्वतःचाच आवाज बसला. ती त्यांच्या आईवर होती. मी ती चार वेळा तपासली होती आणि चारही वेळा नुसती तपासली होती.

आईला वाचायला सांगितलं तर ती म्हणाली, मी लिहिलंय ते पुरे. पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

मग आबा. निळं पुस्तक घेऊन उठले. ‘सबबींचा संग्रह’ हा लेख वाचायचा असं ठरलं होतं, त्यात हमखास हशा आहे. त्यांनी भिंग लावलं आणि पुस्तक उघडलं. वाचायला लागले: "तो आज पुन्हा आला. हातात तेच पुस्तक."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. चुकीचं पान! मी खुणा केल्या, त्यांना दिसेनात. उठायला गेलो तर बायकोने माझा सदरा धरून खाली बसवलं. "बसा हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकदा तरी नुसते ऐका."

आबा सावकाश वाचत होते. पण भिंग पानावर नव्हतं. भिंग केव्हाच खाली आलं होतं. त्या मुलीने सैल टाका घातला तिथे लोक हसले. आबा थांबले, हसू संपू दिलं, जुन्या दिवसांत आमच्यासमोर थांबायचे तसे. पुढचा शनिवार, त्यापुढचा शनिवार. मुलीच्या बोटाला सुई टोचली आणि तो पुस्तक विसरून तिच्या बोटाकडे बघत राहिला. त्या बोटाचं वर्णन ऐकताना माझं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. डाव्या तर्जनीवर एक पांढरा ठिपका आहे. तो मी जन्मापासून बघतोय.

मग मला कळलं. इतका वेळ मला कळलं नव्हतं, हे लिहायला लाज वाटते. आम्हाला लहानपणापासून एवढंच सांगितलेलं की मामांनी स्थळ आणलं, मोठ्यांनी लग्न ठरवलं. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही.

आबा फर्म्याच्या शेवटच्या ओळीवर आले. "गठ्ठा उचलून तो निघाला. पण दारात थांबला, मागे वळला, आणि..."

इथे पान संपतं. मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. आबांनी पुस्तक मिटलं. आबांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. त्यांना हल्ली चेहरे दिसत नाहीत, मधला भाग पुसट होतो म्हणतात. तरी बरोबर तिच्याकडेच बघितलं.

"...आणि म्हणाला, ‘आमच्या ग्रंथालयात आता उसवायला एकही पुस्तक शिल्लक नाही. तेव्हा आता तुम्हीच चला.’"

लोक खदखदून हसले, टाळ्या वाजल्या. आई सगळ्यांच्या आधी हसली होती. आणि मग सगळे हसत असताना तिने पिशवीतून रुमाल काढला आणि तोंड झाकून घेतलं. आबा व्यासपीठावरून उतरले, चाचपडत तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "उशीर झाला का गं?"

आई म्हणाली, "दंड लागेल."

२७ एप्रिल

आज गॅलरीत दोन खुर्च्या. आई ‘शिवणीचा दोरा’ पहिल्या पानापासून वाचून दाखवते आहे आणि आबा दर पानाला आक्षेप घेताहेत. "मी असा शर्ट कधी घातला नाही." "घातला होता." "पाऊस नव्हता त्या दिवशी." "कादंबरीत आहे." बायको आतून ऐकते आणि हसते. मीपण ऐकत होतो. आईच्या काळजाचे ठोके आता मला चालतात.

एक गोष्ट मात्र प्रकाशक म्हणून मला टोचत होती. आबा समारंभात जे म्हणाले ते मी आईच्या पुस्तकात शोधलं. पाचव्या फर्म्यानंतरच्या पानावर तसं काहीच नाही. तिथे लिहिलंय: ‘आणि काही न बोलता निघून गेला. ती पुढे कितीतरी वर्षं त्या दाराकडे बघत राहिली, तो घरातच असताना.’

मी ते पान घेऊन गॅलरीत गेलो. म्हटलं, "आई, आबांनी संहितेबाहेरचं वाचलं. दुसरी आवृत्ती निघालीच, तर ही ओळ बदलायची का?"

आईने चष्मा काढला आणि आबांकडे बघितलं. आबा कठड्याकडे बघत होते, पण कान इकडे होते.

"बदल," आई म्हणाली. "आता ती चुकीची आहे."